पाव फेरा

पडद्यावर ओळ उमटली : ‘ही टेप कोरी आहे.’

दाजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा चढवला आणि पुन्हा वाचलं. तेवढ्या वेळात टेपेवर काही उगवलेलं नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर बसवला आणि म्हणाले, “तू वाच रे जरा.” त्यांच्या चष्म्यातून मला पडदा कुठे आहे तेच दिसेना. त्यांच्या चेहऱ्याचा रंग मात्र दिसला. मी सतरा वर्षं त्या चेहऱ्यासमोर बसून नोकरी केलीय. त्यावर राग पाहिलाय, आळस पाहिलाय, जेवणानंतरची समाधी तर रोज पाहिलीय. हा रंग नवा होता. ओल्या भिंतीला चुना लावला की येतो तसा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघं एकाच कचेरीत, शहराच्या पाणीपुरवठ्याच्या. मी नकाशे काढणार, ते सांभाळणार. मी रुजू झालो त्या दिवशी सवयीनं सगळ्यांदेखत ‘दाजी’ अशी हाक मारली आणि त्या क्षणापासून ते अख्ख्या कचेरीचे दाजी झाले. शिपाई दाजी म्हणतो, टायपिस्ट बाई दाजी म्हणतात, मोठे साहेबसुद्धा दाजीच म्हणतात. माझ्या एकुलत्या एका बहिणीच्या जिवावर या माणसानं साठ मेव्हणे कमावले.

त्यांची खोली जिन्याखाली. छत इतकं उतरतं की आत शिरताना ताठ माणसालाही नम्र व्हावं लागतं. एका भिंतीला लोखंडी कपाट, कपाटात तीनशे बारा टेपा. काड्यापेटीहून थोड्या मोठ्या, पांढऱ्या चिठ्ठ्या लावलेल्या. शहराच्या जमिनीखाली कुठून कुठला नळ जातो, कुठे वळतो, कुठल्या झाकणाखाली कुठला व्हॉल्व्ह आहे, तो डावीकडे फिरवला की बंद होतो की उजवीकडे, हे सगळं त्या तीनशे बारा डब्यांत. कागदाचे मूळ नकाशेही होते एके काळी. ते वाळवीनं वाचले. अगदी शेवटच्या पानापर्यंत.

आणि तपासणी! दाजींइतका तपासणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढणार. पायऱ्या उतरून परत वर जाऊन चौथ्यांदा ओढणार. ताई म्हणते, चोराला घाबरून नाही, यांना घाबरून कुलूप तुटायचं एक दिवस. टेपांच्या बाबतीतही तेच. टेप लिहून झाली की तीच टेप लगेच ड्राइव्ह नावाच्या यंत्रात पहिल्यापासून वाचून बघायची, एकेका नकाशाचा ताळा घ्यायचा, मग वहीत हिरव्या शाईनं खूण करायची. असल्या खुणांच्या अकरा वह्या. एकाही टेपेपुढे लाल शाई नाही. साहेबांकडे पाहुणे आले की साहेब आवर्जून त्यांना जिन्याखाली आणत आणि त्या वह्या दाखवत. टाळकं छताला आपटून पाहुणे बाहेर पडत, पण प्रभावित होऊन पडत.

गेल्या महिन्यात कचेरीत नवा कॉम्प्युटर आला, सोबत नवा टेप ड्राइव्ह. जुनं सगळं विकणारी कंपनी परत नेणार होती. त्यांच्या माणसानं विचारलं, “आतलं सगळं पुसून न्यायचा नियम आहे. नकाशे आधी नव्यावर उतरवून घेता का?”

तेव्हा दाजी जे हसले, ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही. तेही नाहीत विसरणार.

“पुसा खुशाल,” ते म्हणाले. “टेपा आहेत माझ्या. तपासलेल्या.” आणि सही ठोकली.

तर आता पडद्यावर ओळ होती : ‘ही टेप कोरी आहे.’

“दुसरी घाल,” दाजी म्हणाले. दुसरी घातली. कोरी. तिसरी कोरी. ड्राइव्ह एकेक टेप गिळायचा, आत बराच वेळ खरखर करायचा, आणि आजारी माणसानं औषध थुंकावं तशी ती बाहेर ढकलायचा. बाराव्या टेपेला दाजी खुर्चीवर बसले. सतराव्या टेपेला कळलं की ते खुर्चीवर नाही, टायपिस्ट बाईंच्या पिशवीवर बसलेत. बाईंनी पिशवी मागितली नाही. त्यांना धीर झाला नाही.

“नवा ड्राइव्हच नासका असेल,” मी म्हणालो. म्हणून एक कोरी करकरीत टेप घालून तिच्यावर काहीबाही लिहिलं, परत वाचलं. अगदी सुरेख वाचलं. ड्राइव्ह ठणठणीत होता. म्हणजे धक्क्यावर धक्का.

विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. जुना ड्राइव्ह तेवढा परत द्या हो, दोन दिवसांसाठी.

पलीकडचा माणूस फार गोड बोलला. “अहो, तो आमच्या यंत्रात घालून दाबला. आता पत्रा आहे त्याचा. पत्रा हवाय का?”

दाजींनी फोन जागेवर ठेवला आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, “मी शहर पुसलं रे.”

मला हसूही येईना. एरवी दाजींचं काही बिघडलं की मला हसू आवरत नाही. मेव्हण्याचा तो जन्मसिद्ध हक्क आहे. पण निवृत्तीला पाच महिने राहिलेल्या माणसानं आपल्या तीस वर्षांकडे बघावं आणि तिथं काहीच नसावं, हे बघताना मेव्हण्यालाही हक्क आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ड्राइव्हची दुरुस्ती करणाऱ्या बाई आल्या. वय पन्नाशीचं, केस आखूड, हातात लोहाराला शोभेल अशी बॅग, आणि बोलणं तारेसारखं, शब्दाला दमडी पडल्यागत. साहेब दारात उभे. आत ते मावत नव्हते.

“मॉडेल बदललंय,” साहेब म्हणाले. “नव्याला जुन्याची भाषा कळत नसेल.”

“कळते,” बाई म्हणाल्या. त्यांनी बॅगेतून दुसऱ्याच कुठल्या कचेरीची वीस वर्षांपूर्वीची टेप काढली, नव्या ड्राइव्हमध्ये घातली. घडाघडा वाचली. मग त्यांनी एक जुना ड्राइव्हही काढला, आमचा होता अगदी त्याच मॉडेलचा, त्याचा सख्खा भाऊच म्हणा. तो जोडून त्यात दाजींची टेप घातली.

कोरी.

बाईंनी पहिल्यांदाच दाजींकडे नीट पाहिलं. “तुम्ही तपासत होता ना?”

दाजींनी अकरा वह्या पुढे केल्या. बाईंनी तीन-चार पानं उलटली. हिरवंगार रान.

“कशावर तपासत होता?”

“म्हणजे? ड्राइव्हवर.”

“कुठल्या?”

“आपल्या. ज्यावर लिहिलं त्यावर.”

“कधी दुसऱ्या ड्राइव्हवर?”

“दुसरा होता कुठे!”

बाईंनी वही मिटली. मग त्यांनी आल्यापासूनचं सर्वांत लांब भाषण केलं. म्हणाल्या, टेपेवर केसाहून बारीक रेघा असतात. ड्राइव्हमध्ये एक छोटा खांब असतो, तो टेपेला नेमक्या उंचीवर धरतो. खांब केसभर वरखाली झाला की रेघा केसभर सरकतात. त्याच ड्राइव्हला ते कळत नाही, कारण वाचतानाही तो तितकाच सरकलेला असतो. बाकी जगाला मात्र टेप कोरी दिसते. “तीस वर्षं तुम्ही त्यानंच लिहिलेला पेपर त्यालाच तपासायला दिलात. तो कशाला स्वतःला नापास करेल?”

 दाजींचा हात भिंतीवर गेला. भिंत आहे की तीही गेली, ते बघत असावेत.

“म्हणजे टेपांवर नकाशे आहेत?” साहेबांनी विचारलं.

“आहेत. पण खांब किती सरकला होता ते कळल्याशिवाय नसल्यासारखेच. अंदाजानं करत बसलं तर महिने जातील, आणि टेपाही झिजतील.” मग दाजींकडे वळून, “त्या ड्राइव्हला कुणी हात लावला होता का? उघडला होता?”

“छे!” दाजी जवळजवळ ओरडले. “माझ्याशिवाय कुणी त्याला बोट लावत नाही. आणि मी? मी त्याच्यावरची धूळसुद्धा फुंकर मारून उडवायचो.”

ते खोटं बोलत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मुकादम. आवाजामागे पाण्याचा लोट ऐकू येत होता. शाळेजवळचा मोठा नळ फुटला होता. “दाजी, कुठला व्हॉल्व्ह बंद करू? इथं चार झाकणं आहेत. एक उघडलं तर त्यात बेडूक निघाला. शाळेत पाणी शिरतंय हो, पोरं बाकांवर चढलीत. नकाशा बघून सांगा पटकन!”

“बघतो,” दाजी म्हणाले, आणि फोन हातात धरून कपाटाकडे बघत राहिले. कपाट तिथंच होतं. टेपा तिथंच होत्या. शाळेच्या भागाची टेप तर वरच्याच खणात, डोळ्यांसमोर होती. आपल्याच घराच्या खिडकीतून आत जेवण वाढलेलं दिसावं आणि दार उघडू नये, तशी गत.

नेमकी त्याच वेळी ताई आली. आदल्या दिवसापासून दाजींनी घास तोंडात घेतला नव्हता, सकाळी डबाही विसरले होते. तो घेऊन ती सवयीनं वाकून आत शिरली.

“अहो, हे काय, पांढरेफटक पडलात! जेवून घ्या आधी. कोरी टेप कोरी टेप करत रात्रभर कूस बदलत होते,” ती बाईंना म्हणाली. दोघींची ओळख नव्हती, पण ताईला ती लागत नाही. “सापडलं का काही?”

“यांच्या ड्राइव्हला कुणीतरी हात लावलाय,” बाई म्हणाल्या. “खांबाचा स्क्रू फिरवलाय.”

“म्हणजे ती पाव फेऱ्याची गोष्ट?” ताई म्हणाली.

मी ताईकडे बघितलं. ताईनं माझ्याकडे बघितलं. ती गोष्ट मलाही पाठ होती! घरात कुणाला पाठ नव्हती?

दाजींच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी शाखेच्या कचेरीतून एक टेप आली होती. आमच्या ड्राइव्हला ती वाचता येईना. मोठमोठे हात टेकून गेले. तेव्हा तरुण दाजींनी ड्राइव्हचं झाकण काढलं, चिमटीत मावेल एवढा स्क्रूड्रायव्हर घेतला, एक स्क्रू फिरवला, ‘पाव फेरा, फक्त पाव फेरा!’, आणि टेप घडाघडा वाचली गेली. ही कथा दाजींनी त्या वर्षापासून येईल त्या पाहुण्याला सांगितली. जाईल त्यालाही सांगितली. त्यांच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही गेलो तेव्हा मुलाकडून आम्हाला पहिली काय ऐकायला मिळाली असेल, तर ही. ‘पाव फेरा’ म्हणताना ते डावा डोळा बारीक करत आणि हवेत बोटं फिरवत. शेवटी ताईनं घरात कायदा केला की पाव फेऱ्याचं नाव काढलं तर चहा मिळणार नाही. बारा वर्षं तो कायदा कसोशीनं पाळला गेला. आणि त्या बारा वर्षांत आम्ही सगळे, स्वतः दाजीसुद्धा, ती गोष्ट साफ विसरून गेलो.

“तो हात लावणं नव्हे,” दाजी कसेबसे म्हणाले. “ती दुरुस्ती होती.”

“परत फिरवलात नंतर?” बाईंनी विचारलं.

“कशाला? वाचत होता ना!”

बाईंनी डोळे मिटले. “दाजी,” त्या म्हणाल्या. बघा, सकाळी आलेली बाई, दुपारी तिच्याही तोंडी दाजीच. “तुमचा ड्राइव्ह सरळ होता. शाखेचा वाकडा होता. वाकड्याची टेप वाचायला तुम्ही सरळ ड्राइव्ह वाकडा केलात.”

मी दाजींना बापाचं आजारपण कळताना पाहिलंय, पोरगी परीक्षेत आपटल्याचं कळताना पाहिलंय. पण इतका हबकलेला माणूस मी आजवर बघितला नाही. आयुष्यात एकदाच मर्दुमकी गाजवावी आणि तीच आपल्या तीस वर्षांवर उलटावी! त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज आला तो फोनमधून. मुकादम अजून लाइनवरच होता. “दाजी! दुसऱ्या बाकापर्यंत आलं!”

बाईंनी आपल्या जुन्या ड्राइव्हचं झाकण काढलं. “हा माझा रोजचा आहे,” त्या म्हणाल्या. “तरी फिरवा. कुठल्या बाजूला?”

“उजवीकडे,” दाजी म्हणाले. किल्ल्यांच्या जुडग्यात तोच चिमुकला स्क्रूड्रायव्हर अडकवलेला होता. इतक्या वर्षांत त्याला त्यांनी दुसरं काम दिलं नव्हतं. डावा डोळा बारीक केला. पाव फेरा. टेप घातली.

कोरी.

“डावीकडे असेल,” साहेब म्हणाले.

“उजवीकडेच!” दाजी म्हणाले. “हाताला आठवतंय माझ्या.” हाताकडे त्यांनी असं बघितलं की जणू तोही आता फितूर झालाय. “किती वर्षं सांगत होतो, उजवीकडे...”

“अहो,” ताई म्हणाली, “पण गोष्टीत तुम्ही टेबलाखाली झोपला होता ना? शर्टाला ग्रीस लागलं होतं, कुठल्याच साबणानं जाईना. मी डोकं धरून दहा हजार वेळा ऐकलंय. ‘पाठीमागून हात घातला’ म्हणायचा तुम्ही.”

दाजी गर्रकन वळले. तेव्हा ड्राइव्ह भिंतीकडे पाठ करून कोपऱ्यात बसवलेला होता. टेबलाखाली सरपटत जाऊन मागच्या बाजूनं, न बघता, त्यांनी तो स्क्रू फिरवला होता. मागून उजवीकडे म्हणजे पुढून...

“नको मोजूस,” ते मला म्हणाले. “हिशेबानं नाही यायचं. ठेव तिथं.”

बाईंनी स्क्रू पुन्हा मूळ जागी आणला आणि ड्राइव्ह कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीशी ठेवला. आणि आमचे दाजी, अठ्ठावन्न वर्षांचे, पोटाचा घेर टेबलाच्या उंचीला न जुमानणारा, साहेबांच्या, बाईंच्या, शिपायाच्या आणि सहधर्मचारिणीच्या डोळ्यांदेखत जमिनीवर आडवे झाले. अर्धे आत गेले आणि अडकले. मी आणि शिपायानं पायांकडून लोटलं.

“हळू!” आतून आवाज आला. “तेव्हा बारीक होतो मी!”

“तेव्हा शहाणेही नव्हता,” ताई म्हणाली. पण डबा तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

टेबलामागून एक हात वर आला. बोटांनी झाकणाची कड चाचपली, खांब चाचपला, स्क्रू सापडला. स्क्रूड्रायव्हर आधी उजव्या टोकाला टेकला, मग जरा खाली घसरला, मग बसला.  हात फिरला. पाव फेरा, आणि मग, जे गोष्टीत कधीच नव्हतं, एक केसभर मागे.

बाईंनी शाळेच्या भागाची टेप घातली. खरखर. आणखी खरखर. हिरवा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. बाई पुढे झुकल्या. पडद्यावर ओळी पडायला लागल्या. एक, दोन, दहा, भराभर. नळ, वळणं, झाकणं. माझ्याच हातचे नकाशे, तारखेसकट.

“वाचतोय,” बाई म्हणाल्या. 

 आम्ही सगळे तोंडं उघडी टाकून उभे होतो. मी शाळेचा नकाशा शोधून फोनमध्ये ओरडलो, “कुंपणाच्या बाहेरचं झाकण! डावीकडे फिरवा!” पलीकडे बराच वेळ आदळआपट ऐकू आली, मग हळूहळू पाण्याचा आवाज बारीक होत गेला, आणि मुकादम म्हणाला, “थांबलं हो. बेडकालाही बाहेर काढलं.”

“काय झालं?” टेबलाखालून आवाज आला. “कुणी सांगेल का? मला इथून काही दिसत नाही!”

ताई खाली वाकली. “वाचलं,” ती म्हणाली. “सगळं आहे. या बाहेर.”

ते बाहेर येईनात. अडकले म्हणून नाही. चष्मा पुसायला शर्टाचं टोक आत ओढलं जाताना आम्हाला दिसत होतं. ताईनं सगळ्यांना हातानंच बाहेर जायला सांगितलं. मोठे साहेबही मुकाट्यानं गेले.

बाईंनी तो ड्राइव्ह तसाच वाकडा पाच महिन्यांसाठी आमच्याकडे ठेवला. त्यावरून वाचायचं, नव्यावर लिहायचं, असं करत दाजींनी तीनशे बारा टेपा निवृत्तीच्या आत सरळ करून दिल्या. प्रत्येक टेप तपासली. पण आपल्या ड्राइव्हवर नाही. दर शनिवारी पिशवी घेऊन ते बाईंच्या दुकानात जात, तिथल्या वेगळ्याच ड्राइव्हवर वाचून घेत, आणि खूण स्वतः करत नसत. वही बाईंपुढे धरत. बारावी वही सगळी बाईंच्या निळ्या शाईत आहे.

घरात ताईनं कायदा मागे घेतला. पाव फेऱ्याची गोष्ट सांगायला आता पूर्ण मोकळीक आहे, वर चहाही मिळेल. दाजी सांगत नाहीत. पाहुण्यांना मीच सांगतो, आणि तेव्हा ते उठून आत जातात.

परवा आम्ही सगळे मिळून बाहेर निघालो. दाजींनी दाराला कुलूप लावलं. एकदा ओढलं. दुसऱ्यांदा ओढायला हात गेला आणि थांबला. मग ते बाजूला सरले.

“तू ओढ,” ते ताईला म्हणाले.

“मी काय वेगळं ओढणार आहे?”

“म्हणूनच,” दाजी म्हणाले. “बघ तरी.”

तिनं ओढलं. कुलूप उघडंच होतं.